दुसरा पडदा नागरिकाकडे वळवा

(ग्रामपंचायत अधिकारी, पंचायत सदस्य व शिक्षक यांच्या प्रशिक्षण वर्गात माहिती अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



या वर्गाच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय 'टॅब्लेटचा संगणकाचा दुसरा पडदा म्हणून उपयोग' असा छापलेला आहे. कर आकारणी, पाणीपुरवठा, पटनोंदणी अशा भारदस्त विषयांच्या पंक्तीला हा विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. एखादे यंत्र दुसऱ्या यंत्राला कसे जोडावे हे कोणीही जाणकार तरुण पाच मिनिटांत सांगू शकेल. त्यासाठी व्याख्यान कशाला, असाही प्रश्न आपल्या मनात आला असेल. जोडणी सोपी आहे हे मलाही मान्य आहे. परंतु जोडलेला पडदा कोणाकडे तोंड करून ठेवावयाचा, हा प्रश्न यंत्राचा नाही. तो कारभाराचा आहे. त्या प्रश्नाकडे आपले लक्ष वेधावे, एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

नोंदीतील एक अक्षर

एका अक्षराच्या फरकाने केवढा अनर्थ होतो, हे मराठी माणसाला वेगळे सांगावयास नको. 'ध'चा 'मा' हा वाक्प्रचार पिढ्यान्‌पिढ्या आपल्या भाषेत रुजला आहे, तो याच अनुभवामुळे. आपल्या कार्यालयांतील चुका तितक्या भयंकर नसतात. परंतु ज्याच्या वाट्याला त्या येतात त्याला त्या लहानही वाटत नाहीत. एक अनुस्वार सुटला की 'मंदा'ची 'मदा' होते. 'पाटील' हे आडनाव इंग्रजीत लिहिताना एके ठिकाणी 'आय' आणि दुसऱ्या ठिकाणी 'डबल ई' पडले, की बाप आणि मुलगा कागदोपत्री दोन निराळ्या कुळांतले ठरतात. बँकेच्या खातेक्रमांकात ४८ च्या जागी ८४ पडले, तर घरकुलाचा हप्ता किंवा शिष्यवृत्तीची रक्कम अडकून राहते.

अशा चुकीचे मूल्य आज पूर्वीपेक्षा वाढले आहे, याचे कारण नीट समजून घेतले पाहिजे. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ यात २०२३ मध्ये सुधारणा झाली आणि ती १ ऑक्टोबर २०२३ पासून अंमलात आली. त्या दिवशी व त्यानंतर जन्मलेल्या बालकाच्या बाबतीत शाळाप्रवेश, वाहन चालविण्याचा परवाना, मतदार यादीतील नाव, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी अशा अनेक प्रसंगी जन्मतारीख व जन्मस्थळ यांचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच पाहिला जाणार आहे. म्हणजे आज ग्रामपंचायतीच्या टेबलावर जे अक्षर टंकलिखित होते, ते त्या बालकाची आयुष्यभर सोबत करणार आहे. चूक दुरुस्त करण्याची तरतूद कायद्यात आहे, हे खरे. पण दुरुस्ती म्हणजे अर्ज, पुरावे, प्रतिज्ञापत्र, हेलपाटे आणि बुडालेली मजुरी. नावातच बदल करण्याची पाळी आली तर राजपत्रापर्यंतची वाट चालावी लागते. चूक करण्यास एक क्षण पुरतो. निस्तरण्यास कित्येक महिने लागतात.

या चुका निष्काळजीपणानेच होतात, असे म्हणणे आपल्या कर्मचाऱ्यांवर अन्याय करणारे होईल. संगणक परिचालकाच्या मांडीवर किंवा कळफलकाच्या कडेला जुनी नोंदवही उघडी असते. हस्ताक्षर पुसट असते. नजर वहीवरून पडद्यावर, पडद्यावरून कळफलकावर आणि पुन्हा वहीवर अशी फिरत राहते. दारात माणसे उभी असतात. अशा वेळी ओळ चुकणे, वरच्या रकान्यातील आकडा खाली येणे, हे माणसाच्या नजरेच्या स्वभावातच आहे. यावर उपाय उपदेशाने होत नाही. कामाची मांडणी बदलावी लागते. दुसरा पडदा हा अशा मांडणीचा एक साधा आणि बहुधा कमी खर्चाचा मार्ग आहे.

दुसरा पडदा म्हणजे काय?

एका संगणकाला दोन पडदे जोडण्याची कल्पना नवी नाही. १९८० च्या दशकातील आयबीएम वैयक्तिक संगणकात दोन निरनिराळी चित्रपत्रे बसवून एका पडद्यावर आकडेमोड आणि दुसऱ्यावर आलेख पाहण्याची सोय काही जण करून घेत असत. १९८७ मध्ये आलेल्या मॅकिंटॉश २ या संगणकाने एकापेक्षा अधिक पडद्यांची सोय दिली आणि १९९८ साली विंडोज ९८ मुळे ती सर्वसामान्य संगणकापर्यंत पोहोचली. तथापि दुसरा पडदा विकत घ्यावा लागे आणि त्याला टेबलावर जागाही लागे. त्यामुळे ही सोय बराच काळ अभियंते, लेखापाल, मुद्रक अशा मंडळींपुरतीच राहिली.

२०१० मध्ये आयपॅड बाजारात आला आणि सपाट, हलका, स्वतःच्या बॅटरीवर चालणारा पडदा लोकांच्या हाती पडला. हा पडदा संगणकाला का जोडू नये, असा विचार साहजिकच पुढे आला. २०१४ मध्ये आलेली 'ड्युएट डिस्प्ले' ही आज्ञावली आयपॅडला केबलने संगणकाशी जोडू लागली. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये ॲपल कंपनीने 'साइडकार' या नावाने हीच सोय आपल्या संगणकांत अंगभूत करून टाकली. अँड्रॉइड टॅब्लेटसाठीही अशा अनेक आज्ञावली आज उपलब्ध आहेत.

यात टॅब्लेटला स्वतःचे काही करावयाचे नसते. काम सारे संगणकावर चालते. टॅब्लेट केवळ खिडकीसारखा उभा राहतो आणि त्या खिडकीतून संगणकाच्या पोटातील एक कागद आपल्याला दिसतो. ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे पुढील बऱ्याच शंका आपोआप मिटतात.

चित्र टॅब्लेटपर्यंत कसे पोहोचते?

संगणकावर बसविलेली आज्ञावली प्रथम संगणकाची अशी समजूत करून देते, की त्याला आणखी एक पडदा जोडलेला आहे. संगणक त्या काल्पनिक पडद्यासाठी चित्र तयार करतो. आज्ञावली ते चित्र उचलते, आटवून लहान करते आणि वाय-फायने किंवा केबलने टॅब्लेटकडे धाडते. टॅब्लेट ते उलगडून दाखवितो.

आटविण्याची गरज का पडते, हे एका हिशेबाने स्पष्ट होईल. सर्वसाधारण पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० बिंदू असतात. म्हणजे एकूण २०,७३,६०० बिंदू. प्रत्येक बिंदूचा रंग सांगण्यास २४ बिट लागतात आणि चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने रेखाटले जाते. हा गुणाकार सेकंदाला सुमारे २९९ कोटी बिट इतका होतो. याउलट नेहमीच्या वापरातील यूएसबी २.० केबलची कमाल क्षमता सेकंदाला ४८ कोटी बिट एवढीच आहे. म्हणून चित्रातील जेवढा भाग बदलला असेल तेवढाच मुख्यतः पाठविला जातो.

यातून व्यवहाराचा एक नियम हाती येतो. स्थिर कागद, उदाहरणार्थ शासन निर्णय, नोंदवहीचे छायाचित्र, भरलेला अर्ज, अशा पडद्यावर उत्तम दिसतो. कारण त्यात बदल थोडा असतो. चलच्चित्र मात्र अडखळते आणि माऊसचा बाण किंचित मागे रेंगाळतो. म्हणून टंकलेखनाचे काम मुख्य पडद्यावर ठेवावे आणि पाहण्याचा किंवा दाखविण्याचा कागद टॅब्लेटवर न्यावा. कार्यालयातील वाय-फाय क्षीण असेल तर केबल बरी.

जोडणीचे मार्ग

पहिला मार्ग अंगभूत सोयीचा. मॅक संगणक आणि आयपॅड दोन्ही असतील तर साइडकार पुरेसे आहे. सॅमसंग कंपनीच्या गॅलॅक्सी टॅब एस७ व त्यानंतरच्या काही टॅब्लेटमध्ये 'सेकंड स्क्रीन' नावाची सोय असते. टॅब्लेटवर ती सुरू करावी आणि विंडोज संगणकावर विंडोजचे चिन्ह असलेली कळ व 'के' ही कळ एकदम दाबावी. जवळपासच्या उपकरणांची यादी उघडते, तीतून आपला टॅब्लेट निवडावा.

दुसरा मार्ग स्वतंत्र आज्ञावलीचा. 'स्पेसडेस्क', 'ड्युएट डिस्प्ले' आदी आज्ञावलींचा एक भाग संगणकावर आणि दुसरा टॅब्लेटवर बसवावा लागतो. येथे दोन सूचना आवश्यक आहेत. शासकीय संगणकावर कोणतीही आज्ञावली परस्पर बसवू नये. तालुका किंवा जिल्हा पातळीवरील तांत्रिक कर्मचाऱ्यांची अनुमती घ्यावी. तसेच जी आज्ञावली घरगुती वापरास विनामूल्य असते, तिला कार्यालयीन वापरासाठी परवाना लागू शकतो. त्या अटी वाचूनच पुढे जावे.

तिसरा मार्ग सर्वांत सोपा, पण नेमका तोच आपण विसरतो. टॅब्लेट हा स्वतःच एक लहान संगणक आहे. केवळ एखादा शासन निर्णय समोर ठेवून अर्ज भरावयाचा असेल, तर तो शासन निर्णय सरळ टॅब्लेटवर उघडावा आणि शेजारी उभा करावा. जोडणीची, आज्ञावलीची, परवान्याची कसलीच आवश्यकता नाही. वाचण्यासाठी म्हणून छापले जाणारे आणि सायंकाळी रद्दीत जाणारे कागद एवढ्यानेही वाचतील. जोडणी हवी ती संगणकावरीलच कागद दुसऱ्या पडद्यावर दाखवावयाचा असेल तेव्हा.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. केवळ या कामासाठी नवा टॅब्लेट विकत घेणे शहाणपणाचे नाही. खर्च करावयाचाच असेल तर केबलने जोडला जाणारा साधा मॉनिटर अधिक मोठा, अधिक स्थिर आणि कमी कटकटीचा असतो. टॅब्लेटचा विचार करावयाचा तो कार्यालयात आधीपासून असलेला आणि कपाटात पडून राहिलेला असेल तर. ग्रामीण भागात त्याचा आणखी एक लाभ आहे. वीज गेली की टेबलावरचा मॉनिटर बंद पडतो. लॅपटॉप आणि टॅब्लेट ही जोडी मात्र आपापल्या बॅटरीवर काम चालू ठेवते. विजेबरोबर कार्यालयातील वाय-फायही जात असल्याने अशा वेळी केबलची जोडणी उपयोगी पडते.

'डुप्लिकेट' आणि 'एक्स्टेंड'

आता या विषयाच्या गाभ्याकडे वळू. विंडोज संगणकावर विंडोजची कळ व 'पी' ही कळ एकदम दाबली असता चार पर्याय दिसतात. त्यांपैकी दोन आपल्या कामाचे आहेत. 'डुप्लिकेट' म्हणजे प्रतिरूप: मुख्य पडद्यावर जे जे आहे ते सर्व दुसऱ्यावरही दिसते. 'एक्स्टेंड' म्हणजे विस्तार: दुसरा पडदा हा पहिल्याला लागून असलेले वाढीव टेबल ठरतो आणि आपण जो कागद सरकवून तेथे ठेवू तेवढाच त्यावर दिसतो.

हा फरक वरवर तांत्रिक वाटला, तरी खासगीपणाचे रक्षण त्याच्यावर अवलंबून आहे. परिचालकाच्या पडद्यावर आधीच्या अर्जदाराचा आधार क्रमांक असतो, कोणाच्या उत्पन्नाचा आकडा असतो, अचानक उमटणारे संदेश असतात. पडदा नागरिकाकडे वळवून 'डुप्लिकेट' निवडले, तर गावातील एकाची माहिती दुसऱ्याच्या नजरेस पडेल आणि उघडेपणाच्या नावाखाली आपण आगळीक करून बसू. डिजिटल स्वरूपातील वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा केला आहे, याचे स्मरण ठेवले पाहिजे. म्हणून नागरिकासमोरचा पडदा नेहमी 'एक्स्टेंड' पद्धतीने जोडावा. विंडोजची कळ, 'शिफ्ट' आणि डावा किंवा उजवा बाण या तीन कळा एकत्र दाबल्या की उघडी असलेली चौकट दुसऱ्या पडद्यावर जाते. पुन्हा दाबल्या की परत येते. एवढे एक तंत्र परिचालकाने आत्मसात केले तरी पुरे.

नागरिकासमोरचा पडदा

आपल्या कार्यालयांची बैठक डोळ्यांसमोर आणा. टेबलाच्या एका बाजूस कर्मचारी, दुसऱ्या बाजूस नागरिक आणि मध्ये संगणक. त्या संगणकाची पाठ नेहमी नागरिकाकडे असते. आपल्याविषयी काय लिहिले जात आहे हे तो छापील दाखला हाती पडेपर्यंत पाहू शकत नाही. पूर्वी वहीत नोंद होत असे तेव्हा निदान मान उंचावून पाहता येत असे. संगणकाने वेग दिला, पण ही लहानशी सोय हिरावून घेतली.

ती परत देणे आता आपल्या हाती आहे. अर्ज भरून झाला, की 'सादर करा' ही कळ दाबण्यापूर्वी ती चौकट टॅब्लेटवर सरकवावी आणि टॅब्लेट नागरिकाच्या पुढ्यात ठेवावा. नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव, जन्मतारीख, गाव, खातेक्रमांक ही माहिती त्याला पाहू द्यावी. स्वतःच्या नावातील चूक माणसाला जेवढ्या चटकन दिसते, तेवढी ती अन्य कोणालाही दिसत नाही. मराठी मजकूर मराठीत आणि इंग्रजी मजकूर इंग्रजीत, दोन्ही दाखवावेत. कारण घोटाळा बहुधा इंग्रजी अक्षरांत होतो. दहा इंचांच्या पडद्यावर अक्षर बारीक दिसते. विंडोजमध्ये प्रत्येक पडद्यासाठी अक्षरांचा आकार निराळा ठेवता येतो. तो दीडपट करावा, म्हणजे वृद्धांनाही वाचता येईल.

ज्यांना वाचता येत नाही त्यांचे काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्यांच्यासाठी हा पडदा निरुपयोगी नाही; उलट त्यांच्यासाठीच तो अधिक आवश्यक आहे. परिचालकाने एकेका ओळीवर बोट ठेवून ती मोठ्याने वाचावी. सोबत शाळकरी नातवंड असेल तर त्याला वाचावयास सांगावे. आजीचे नाव नातीने शासकीय पडद्यावर वाचून दाखविणे, यात साक्षरतेचेही काम आपोआप घडते.

गर्दीच्या दिवशी एवढा वेळ कोठून आणावयाचा, ही अडचण खरी आहे. परंतु अर्धा मिनिट वाचविण्यासाठी पुढे दुरुस्तीचा एक नवा अर्ज, एक नवी नोंद आणि एक नवा हेलपाटा आपणच निर्माण करीत असतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क नागरिकास प्राप्त झाला आहे. मुदतीत दिलेला, पण चुकीचा दाखला हा त्या हक्काची पूर्तता करतो, असे कोणाचे मन सांगणार नाही.

यात दोन मर्यादा मात्र पाळाव्या लागतील. पहिली अशी, की पडद्यावर दिसते म्हणून मूळ नोंदीत नाही ते लिहिण्याचा अधिकार कोणास मिळत नाही. आडातच नसेल तर पोहऱ्यात येणार कोठून? मूळ नोंदवहीत नाव निराळे असेल, तर त्याची दुरुस्ती कायद्याच्या मार्गानेच व्हावी. मात्र तसा फरक आहे हे नागरिकाला त्याच दिवशी, तेथेच कळले, हाही काही थोडा लाभ नव्हे. दुसरी मर्यादा जबाबदारीची. 'तुम्ही पाहिले होते ना?' असे म्हणून चुकीचा भार नागरिकावर टाकता येणार नाही. नोंद अचूक ठेवण्याचे दायित्व कार्यालयाचे आहे आणि ते कार्यालयाचेच राहील. नागरिकाने पाहणे हे आपल्याला मिळालेले साहाय्य आहे. त्याला आपली ढाल बनवू नये.

एक बारकावाही सांगून ठेवतो. अनेक आज्ञावलींत टॅब्लेटवरील बोटाचा स्पर्श संगणकापर्यंत पोहोचतो. नाव दाखविण्यासाठी नागरिकाने बोट टेकविले आणि अर्ज अवेळीच सादर झाला, असे होऊ नये. म्हणून स्पर्शाची सोय बंद करून ठेवावी.

शाळेत आणि सभेत

शाळेतील शिक्षकांसाठी याचे दोन उपयोग आहेत. पहिला जनरल रजिस्टरचा. शाळा सोडल्याचा दाखला तयार करताना रजिस्टरातील त्या पानाचे छायाचित्र दुसऱ्या पडद्यावर मोठे करून ठेवले, तर जुने हस्ताक्षर लावणे सोपे जाते आणि ओळ चुकत नाही. शिवाय पुन्हापुन्हा हाताळल्याने झिजणारे जीर्ण रजिस्टर कपाटात सुरक्षित राहते. दाखला घेण्यास आलेल्या विद्यार्थ्याला आणि पालकाला तो छापण्यापूर्वी दाखवावा, हे ओघाने आलेच.

दुसरा उपयोग वर्गातला. लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडलेला असताना 'एक्स्टेंड' पद्धत वापरली, तर मुलांसमोर धडा राहतो आणि हजेरीपट किंवा गुणतक्ता शिक्षकांपुरताच राहतो. कोणा मुलाचे कमी गुण भिंतीवर झळकण्याचा प्रसंग येत नाही. टॅब्लेटवर लेखणीने लिहिता येत असेल, तर शिक्षकांना फळ्याकडे पाठ न वळविता, बाकांमध्ये फिरत गणित सोडवून दाखविता येते.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. विद्यार्थ्यांसाठी आलेला टॅब्लेट विद्यार्थ्यांच्याच हाती राहिला पाहिजे. तो कार्यालयाच्या टेबलावर स्थिरावला, तर एका घटकाची सोय दुसऱ्याच्या तोंडचा घास काढून केल्यासारखे होईल. ज्या योजनेतून जे उपकरण आले, त्या योजनेचा हेतू आधी. उरलेल्या वेळात आणि मुख्याध्यापकांच्या अनुमतीने इतर उपयोग.

पंचायत सदस्यांसाठी थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतीत ७ ते १७ सदस्य असतात. मासिक सभेत जमाखर्च वाचला जातो, तेव्हा आकडे कानावरून जातात आणि सही मात्र डोळ्यांनी करावी लागते. सभेत टॅब्लेट 'डुप्लिकेट' पद्धतीने जोडून सदस्यांमध्ये फिरविला, तर जी बाब वाचली जात आहे तीच प्रत्येकाला पाहता येईल. तत्पूर्वी मुख्य पडद्यावर केवळ सभेचाच कागद उघडा आहे याची खात्री करावी. नमुना ८ ही कर आकारणीची नोंदवही पाहताना तर आकड्यांची अशी समोरासमोर पडताळणी फार मोलाची ठरते. प्रथमच निवडून आलेल्या भगिनींना 'हा आकडा पुन्हा दाखवा' असे म्हणणे त्यामुळे सोपे जाईल. ग्रामसभेसाठी मात्र हा पडदा फार लहान आहे. तेथे प्रोजेक्टर किंवा मोठ्या अक्षरांचा फलकच योग्य.

काही पथ्ये

टॅब्लेट दिवसभर चार्जरला लावून ठेवल्यास त्याची बॅटरी तापते आणि कालांतराने फुगण्याचा धोका असतो. फुगलेली बॅटरी दिसल्यास ते उपकरण ताबडतोब वापरातून काढावे. टॅब्लेट भक्कम आधारावर उभा करावा. नोंदवहीचे पान त्यावर पाहून लिहावयाचे असेल, तेव्हा तो संगणकाच्या पडद्याला लागून आणि शक्यतो त्याच उंचीवर असावा, म्हणजे मानेला त्रास होत नाही. जोडणी कार्यालयाच्या स्वतःच्या, संकेतशब्द असलेल्या वाय-फायवरूनच करावी. आज्ञावलीत संकेतशब्दाची सोय असेल तर तीही चालू करावी. काम संपले की जोडणी तोडावी. नोंदवहीची छायाचित्रे खासगी मोबाइलवर घेऊ नयेत आणि टॅब्लेटवर साठवून ठेवू नयेत. टॅब्लेट ही खिडकी आहे, असे मी आरंभी म्हटले. तिचे कपाट होता कामा नये.

तात्पर्य

बंधुभगिनींनो, माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मुळे शासनाजवळील माहिती मागण्याचा हक्क नागरिकाला मिळाला. अर्ज करावा, मुदत मोजावी आणि माहिती मिळवावी, असा तो मार्ग आहे. परंतु स्वतःच्या अर्जात काय लिहिले गेले, हे त्याच क्षणी पाहण्यासाठी नागरिकाला कोणताही अर्ज करावयास लागू नये. त्यासाठी लागतो तो टेबलावरचा एक पडदा आणि तो वळविण्याची आपली तयारी.

आपल्या कार्यालयात परतल्यावर एवढेच करून पाहा. कपाटातील टॅब्लेट सुस्थितीत आहे का ते पाहा. तांत्रिक अनुमती घ्या. एका आठवड्यात दिले जाणारे दाखले छापण्यापूर्वी नागरिकाला दाखवा आणि त्याने दाखवून दिलेल्या चुका एका वहीत टिपून ठेवा. ती वही मासिक सभेपुढे ठेवा. ही पद्धत चालू ठेवावी की नाही याचा निर्णय मग आपणच, आपल्या गावच्या अनुभवावरून घ्या. टॅब्लेट नसेल तरीही हरकत नाही. संगणकाचा पडदा हाताने वळवूनही प्रारंभ करता येईल. तेवढे मात्र करा, की आधी बाकीच्या सर्व चौकटी मिटवा.

आधी दाखवा, मग वाचा आणि मगच सादर करा, हा क्रम अंगवळणी पडला, तर यंत्रे जुनी होतील, आज्ञावल्या बदलतील, पण गावातल्या माणसाचे नाव कागदावर बरोबर उमटत राहील.

जय हिंद! जय महाराष्ट्र!